रिटर्नवाले जिभाऊ

जिभाऊंना प्रश्न विचारला की ते डोळे मिटून घेत. पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटे, यांना झोप लागली. तो बिचारा प्रश्न पुन्हा विचारी, जरा मोठ्यानं. जिभाऊ डोळे न उघडता हात वर करत, म्हणजे ऐकलं आहे, थांब. पंख्याचा आवाज येई, खालच्या रस्त्यावरून रिक्षा जाई, स्टेशनात सुरतेकडची गाडी लागल्याची शिट्टी ऐकू येई. गाडी निघून गेली तरी जिभाऊंचे डोळे मिटलेलेच असत. आणि मग, जणू कुठून तरी चालत आल्यासारखे, ते डोळे उघडून उत्तर देत. उत्तर एका ओळीचं असे.

नंदुरबारात मिरची बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका भुसार दुकानाच्या वर, त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत ऑफिस, मागच्या खोलीत संसार. दारावर ‘कर सल्लागार’ अशी पाटी होती, पण गावात त्यांना कुणी सल्लागार म्हणत नसे. ते रिटर्नवाले जिभाऊ. जिभाऊ म्हणजे आमच्या खानदेशात थोरला भाऊ. ते सगळ्यांचेच थोरले भाऊ होते, अगदी त्यांच्याहून वयानं मोठे असलेल्या निवृत्त मास्तरांचेसुद्धा.

त्यांच्या टेबलाच्या बाजूला मोठी खिडकी होती. हिवाळ्यात त्या खिडकीतून गावाबाहेरची मिरचीची पथारी दिसे. उन्हात वाळत घातलेली लाल मिरची, दूरवर, जमिनीला कुणी रंग दिला असावा तशी. वारा तिकडून आला की साऱ्या गावाला ठसका लागे. पगारदार माणसं त्याच दिवसांत ऑफिसात द्यायचे बचतीचे पुरावे घेऊन येत, आणि प्रश्न विचारता विचारता शिंकत. जिभाऊंना मात्र कधी शिंक आली नाही. ते त्या लाल जमिनीकडे पाहत बसत आणि म्हणत, की इथे बसलं की माणसाला स्वप्न पडायला झोपावं लागत नाही.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती माझ्या नोकरीच्या सुरुवातीला. अक्कलकुव्याच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले होते. माझं माहेर म्हसावदचं, घरी पपई आणि केळी. वडिलांनी थोडी जमीन माझ्या नावावर केली होती आणि त्यांना एकच घोर लागला होता, की पोरीच्या पगारामुळे आता शेतीवर टॅक्स बसेल. ते मला घेऊन जिभाऊंकडे आले. जिभाऊंनी प्रश्न ऐकला, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळानं वडिलांना विचारलं, की यंदा पपईवर रोग कितपत आहे. वडील गोंधळले, पण पपईचा विषय निघाल्यावर मोकळे झाले. पान कसं गोळा होतं, फळ कसं डागाळतं, सगळं त्यांनी सांगितलं. आतून त्यांच्या बायकोनं, काकूंनी, चहा आणला.

“ले माय, पहिले चहा ले,” जिभाऊ मला म्हणाले.

चहा संपल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, की शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही, पण ते लपवायचंही नाही. रिटर्नमध्ये त्याला त्याची जागा असते, तिथे ते दाखवायचं. पगारावरचा कर किती टक्क्यांनी लागेल हे ठरवताना तेवढं ते धरतात, बाकी शेतीला कुणी हात लावत नाही. वडिलांनी एवढंच विचारायला म्हसावदहून गाडी भरून कागद आणले होते. ते त्यांनी तसेच परत नेले. वाटेत मला म्हणाले, की हा माणूस झोपेतून बोलतो पण बोलतो खरं.

दुपारी जेवण झाल्यावर जिभाऊ खरोखरच झोपत, खिडकीपाशी, खुर्चीतच. त्या वेळात आलेली माणसं जिन्यावर बसून राहत. कुणी त्यांना उठवत नसे. उठले की कधी कधी ते आदल्या आठवड्यात येऊन गेलेल्या कुणाला तरी फोन लावत आणि नमस्कारही न करता उत्तर सांगत. त्याचं कारण असं, की माहीत नसलं तर ते तसं तोंडावर सांगत.

“माले माहीत नही. सांगसू,” म्हणजे सांगेन, एवढं बोलून ते माणसाला परत पाठवत. मग तो प्रश्न त्यांच्या डोक्यात राहून जाई. काकू सांगत, की रात्री झोपेतसुद्धा ते ‘कलम’ म्हणतात आणि कूस बदलतात.

एक प्रश्न दर वर्षी डोंगरातून खाली येई. आदिवासी नोकरदारांना इन्कम टॅक्स माफ असतो अशी बातमी कुणीतरी उठवायचा, ती मोबाइलवर फिरायची, आणि आश्रमशाळांतले शिक्षक, वनरक्षक, तलाठी जिना चढून यायचे. जिभाऊ कुणाला हसले नाहीत. टेबलावर चहाच्या बशीतलं पाणी सांडून त्यात बोटानं भारताचा नकाशा काढत. ही आपली तापी, हा सातपुडा, आणि हे पार तिकडं पूर्वेचे डोंगर. तिकडच्या काही भागांत तिथल्या आदिवासींना माफी आहे, आपल्याकडं नाही. नकाशा वाळून जाईपर्यंत ती माणसं त्याच्याकडे पाहत बसत. एकदा एक वनरक्षक म्हणाला, डोंगर तर डोंगरच असतो ना साहेब. जिभाऊंनी डोळे मिटले. उघडल्यावर म्हणाले, बरोबर आहे तुमचं, पण कायद्यानं तसं अजून लिहिलेलं नाही.

लोक टॅक्सचे म्हणून जे प्रश्न आणत त्यातले पुष्कळसे टॅक्सचे नसत, असं जिभाऊंचं मत होतं. “हाई गोट टॅक्सनी नही,” ते हळूच म्हणत. ही गोष्ट टॅक्सची नाही. एक कारकून विचारायला आला, की मी वडिलांच्या घरात राहतो, त्यांना भाडं देतो असं दाखवलं तर सूट मिळेल का.

“खरंच देतस का?” जिभाऊंनी विचारलं.

कारकून खाली पाहू लागला. “मंग पहिले द्या,” जिभाऊ म्हणाले, आणि पुढचा कागद ओढला. त्या महिन्यापासून तो कारकून वडिलांच्या हातात खरंच भाडं ठेवू लागला. पुढच्या वर्षी म्हातारे स्वतः जिना चढून आले. ते भाड्याचं उत्पन्न आपल्या रिटर्नमध्ये दाखवायचं का, हे त्यांना विचारायचं होतं. पण ते बसून राहिले आणि सांगत राहिले, की मुलगा आता महिन्यातून एकदा समोर येऊन बसतो, दोन शब्द बोलतो.

मी जिभाऊंना इतकी वर्षं ओळखत होते, पण ते काय होते हे मला कळलं ते सायजाबाईंमुळे.

सायजाबाई धडगावच्या वरच्या अंगाच्या. त्यांचे यजमान शाळेत गुरुजी होते. एका थंडीत छातीत कळ आली म्हणून जीपमधून त्यांना आमच्या दवाखान्यात आणलं. उशीर झाला होता. सकाळ व्हायच्या आत ते गेले. मी ड्यूटीवर होते. सायजाबाई रडल्या नाहीत. गुरुजींचा मोबाइल हातात घट्ट धरून त्या बाकावर बसून होत्या आणि मधूनमधून तो चालू आहे ना, हे पाहत होत्या.

पुढच्या पावसाळ्यात त्या परत आल्या, मला शोधत. तो मोबाइल अजून चालू होता. त्यांनी तो रोज चार्ज केला होता. वीज गेली की शेजारच्या पाड्यावर जाऊन. त्यावर आयकर खात्याचे निरोप यायला लागले होते. प्रिय करदाते, आपलं विवरणपत्र मुदतीत भरा. सायजाबाई मराठी वाचायला गुरुजींकडूनच शिकल्या होत्या. तालुक्याला कॉम्प्युटरवाल्या एका पोरानं सांगितलं होतं, की मेलेल्या माणसाचं काय रिटर्न भरता, सिम काढून फेकून द्या. त्यांनी सिम फेकलं नाही. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, पण ते त्या मला सांगेनात. मी सुट्टी काढली आणि त्यांना घेऊन नंदुरबारला आले.

जिभाऊंनी त्यांना खिडकीजवळची खुर्ची दिली. त्यांच्याशी ते अहिराणी बोलले नाहीत. सायजाबाईंची घरची भाषा पावरी. म्हणून दोघंही शाळेतली मराठी बोलले, सावकाश, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा. मोबाइल टेबलावर ठेवून सायजाबाई म्हणाल्या, “सरकार ते आहेत असं समजून लिहितं. मी फॉर्म भरला तर ते नाहीत असं होईल का?”

जिभाऊंनी डोळे मिटले. बाहेर पाऊस भुरभुरत होता. खाली हमाल पोती उचलताना एकमेकांना हाका मारत होते, ते ऐकू येत होतं. मी त्यांना ओळखत होते, तरी त्या दिवशी मला वाटलं की आज उत्तर येणारच नाही. काकू चहा घेऊन आल्या आणि तशाच दारात उभ्या राहिल्या.

शेवटी ते म्हणाले, “सरकारचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, बाई. एप्रिलपासून ते गेले त्या दिवसापर्यंत गुरुजी होते. शाळेत गेले, शिकवलं, पगार घेतला. तेवढ्या दिवसांचं हे रिटर्न. त्यात ते आहेतच. तुम्ही भरलं नाही, तर ते दिवस लिहायचे राहून जातील.”

“आणि त्यानंतरचे दिवस?”

“ते सरकार विचारत नाही. ते तुमचे.”

सायजाबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. मग त्यांनी विचारलं, की निरोप बंद होतील का. जिभाऊंनी खोटं सांगितलं नाही. गुरुजींचं पॅन कार्ड रद्द करून घेतलं की पुढं बंद होतील, म्हणाले, पण त्याची घाई कुणी करत नाही. तुमच्या मनाला येईल तेव्हा करा. सायजाबाईंनी कपाळाला हात लावला, म्हणजे नमस्कार केला असावा, आणि म्हणाल्या, भरते.

भरणं मात्र सोपं गेलं नाही. मयत माणसाचं रिटर्न त्याच्या वारसानं भरायचं असतं. त्यासाठी आधी सायजाबाईंचं स्वतःचं पॅन कार्ड काढावं लागलं. ते आलं तेव्हा त्यांनी त्यावरचं आपलं नाव बराच वेळ पाहिलं. पुढं त्या वारस असल्याचा तालुक्याचा दाखला लागत होता, आणि तिथे घोटाळा निघाला. गुरुजींचं नाव शाळेत एक होतं, मृत्यूच्या दाखल्यावर दुसरं, पॅनवर तिसरं. माणूस एक, पण डोंगरातलं नाव ज्यानं जसं ऐकलं तसं लिहिलेलं. कॉम्प्युटर अर्ज परत पाठवी. मुदत जवळ येत चालली.

तेव्हा जिभाऊ उठले. जुलैच्या हंगामात, जिन्यावर माणसं बसलेली असताना, त्यांनी ऑफिसला कुलूप लावलं आणि आमच्याबरोबर जीपमध्ये बसले. काकू म्हणाल्या, की लग्नानंतर ह्यांना सासुरवाडीखेरीज कुठे जाताना मी पाहिलं नाही.

तो प्रवास मला अजून स्वप्नात पाहिल्यासारखा आठवतो. तळोदा मागे पडलं आणि चांदसैलीच्या घाटात ढग खाली उतरले. जीप दिवे लावून हळूहळू चढत होती. दोन्ही बाजूंना साग ओला होऊन उभा, मधूनच ढग फाटे आणि खाली खोल एखादं घर दिसे, कुडाचं, छपरातून धूर निघणारं. लगेच परत काही नाही. कड्यावरून पाणी रस्त्यावर पडत होतं. जिभाऊ खिडकीला नाक लावून बसले होते. त्यांनी डोळे एकदाही मिटले नाहीत. सायजाबाई त्यांना दाखवत होत्या, की हा मोहाचा, ही चारोळी, इथून गुरुजी पायी शाळेत जायचे, नाला भरला की या दगडावर बसून राहायचे. गुरुजींबद्दल इतकं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. जिभाऊ म्हणाले, इतकी वर्षं या गावांची नावं कागदावर लिहितोय, ती अशी ढगात असतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

धडगावला कचेरीत कारकुनानं कागद चाळले आणि जिभाऊंकडे पाहिलं. सायजाबाईंबरोबर हा सपाटीवरचा, धोतर नेसलेला म्हातारा कोण, हे त्याला कळेना. त्यानं विचारलं, तुम्ही यांचे कोण लागता.

“मी जिभाऊ शे यांना,” जिभाऊ म्हणाले. यांचा थोरला भाऊ आहे.

कारकून खानदेशचाच होता. तो हसला नाही. त्यानं खुर्ची पुढे केली. तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र, पोलीसपाटलाचा जबाब, शाळेचं पत्र असं सगळं जुळवत दुपार झाली, आणि संध्याकाळी दाखल्यासाठी अर्ज स्वीकारला गेला. दाखला आल्यावर नंदुरबारला येऊन मुदतीच्या आत रिटर्न भरलं. शेवटी सही करायच्या जागी सायजाबाईंनी स्वतः बटण दाबलं. पोच आली ती गुरुजींच्या नावानं, त्यांच्या मोबाइलवर. सायजाबाईंनी ती वाचली आणि दवाखान्यातल्या त्या पहाटे ज्या रडल्या नव्हत्या, त्या तिथे जिभाऊंच्या खोलीत रडल्या. काकूंनी त्यांना आत नेलं. आम्ही दोघं बाहेर बसून राहिलो. जिभाऊ म्हणाले, “रडू दे. वरीस पुरं व्हयनं.” वर्ष पूर्ण झालं.

त्यानंतर सायजाबाई खाली आल्या की जिभाऊंकडे जात. त्यांच्या भागात कुणी नोकरदार गेला, की त्याच्या घरच्या बाईला घेऊन येत, आणि काय काय कागद लागतात ते जीपमध्येच तिला पावरीत समजावून सांगत. जिभाऊ म्हणत, आता माझं अर्धं काम घाटातच होतं.

माझी बदली नंदुरबारला झाली त्याच सुमारास जिभाऊंना पक्षाघाताचा झटका आला. हातापायांत हळूहळू बळ आलं, पण वाचा गेली. त्यांना सगळं कळत होतं. शब्द तेवढे तोंडापर्यंत येत नव्हते. ड्यूटी संपली की मी त्यांच्याकडे जाई. जीभ हलवण्याचे व्यायाम करून घेई, एकेक वस्तू दाखवून तिचं नाव विचारी. पेला, चष्मा, पेन. ते वस्तूकडे पाहत, माझ्याकडे पाहत, ओठ हलवत आणि दमून खिडकीकडे वळत. माणसं अजूनही जिना चढून येत. नवी पद्धत घेऊ की जुनी, बँकेचं व्याज दाखवू का, आईनं दिलेल्या सोन्यावर टॅक्स बसतो का. आता उत्तर मिळणार नाही हे त्यांना माहीत असे. तरी ती प्रश्न सांगत, थोडा वेळ समोर बसत, आणि मग रिटर्न भरायला दुसरीकडे जात.

मिरचीचे दिवस होते. पथारी लाल झाली होती, खिडकीतून ऊन त्यांच्या मांडीवर आलं होतं. मी चमचा दाखवत होते. तेवढ्यात मागच्या खोलीत काकूंच्या हातून पातेलं पडलं, आणि जिभाऊंनी मान वळवून स्पष्ट म्हटलं, “विमल.”

मला वाटलं मला भास झाला. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “कोनी हाक मारी?” त्यांना माहेरचं कुणी आलंय असं वाटलं होतं. त्या नावानं त्यांना माहेराखेरीज कुणी हाक मारत नव्हतं. मी जिभाऊंकडे बोट दाखवलं.

आमच्याकडच्या त्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नाही. सारा जन्म त्यांनी काकूंना ‘अवं’ म्हणून हाक मारली होती, नाहीतर सासरी गेलेल्या मुलीच्या नावानं. काकू खोलीच्या मध्यावर उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. मग त्या पुढे आल्या आणि अशिलांच्या खुर्चीवर, जिच्यावर त्या कधी बसल्या नव्हत्या, जिभाऊंच्या समोर बसल्या.

“परत म्हना,” त्या म्हणाल्या. “मी आठेच शे.” मी इथेच आहे.

“विमल,” जिभाऊ म्हणाले.

पुढं त्यांना तेवढा एकच शब्द राहिला. पाणी हवं असलं तरी विमल, पंखा लावायचा तरी विमल. नव्या पद्धतीत जाऊ का असं विचारणाऱ्यालाही ते डोळे मिटून, विचार करून, तेच उत्तर देत, आणि तो माणूस मान हलवून ते ऐकून घेई. दिवसभर त्या घरातून ती हाक येई आणि आतून काकूंचं उत्तर येई, “येस, येस.” येते, येते. पाऊस गेला, पुन्हा थंडी आली, पथारीवर पुन्हा मिरची पडली. एका दुपारी काकू मागच्या खोलीत ज्वारी निवडत होत्या. बराच वेळ झाला, हाक आली नाही, म्हणून त्या उठून पुढच्या खोलीत पाहायला गेल्या.